दाराच्या दोन्ही बाजूंनी

मित्रांनो, दार लावताना तुमचा हात माझ्यावर पडतो, पण माझ्याकडे कुणी निरखून बघत नाही. बघायचं तरी काय? मी एक जुनी पितळी कडी आहे. बोटभर लांबीची दांडी, चार स्क्रू आणि समोर माझा जोडीदार कोयंडा, एवढाच काय तो माझा संसार.

माझा जन्म भट्टीत झाला. ओताऱ्याने मोडकी भांडी, फुटकी घंटा, कुणाचा तरी चेपलेला तांब्या असं सगळं वितळवलं आणि साच्यात ओतलं. त्यामुळे मला चित्रविचित्र स्वप्नं पडतात. कधी मी पाण्याने भरलेली असते, तर कधी उंचावर टांगलेली, हळूच वाजणारी. जाग आली की मी आपली कडीच असते. ओताऱ्याने मला कानस लावली, दांडी पुढेमागे सरकवून पाहिली आणि म्हणाला, "लोण्यासारखी चालते." मी एवढी फुशारले की दुकानातल्या लोखंडी कड्यांकडे बघून महिनाभर नाक मुरडत होते.

मला एका टापटीप कपड्यातल्या माणसाने विकत घेतलं आणि सुतारकाकांना घरी बोलावलं. घरात त्याची बायको होती आणि आठ वर्षांची मुलगी. मुलगी सदा गरगर फिरायची, म्हणून आई तिला भिंगरी म्हणे. त्या दिवशी मात्र ती भिंतीला टेकून गुपचूप उभी होती. माणसाने शेवटच्या छोट्या खोलीचं दार दाखवलं आणि कडी बाहेरून लावायला सांगितली.

सुतारकाकांचा हात थांबला. खोल्यांना कडी आतून लावतात, हे त्यांना तीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "बाहेरून कशाला?" माणूस हसून म्हणाला की अडगळीची खोली आहे, मांजर शिरतं. काकांनी मान डोलावली. त्यांना पुढे आणखी तीन घरी जायचं होतं. चार स्क्रू पिळून ते गेले.

मित्रांनो, त्या घरात मांजर नव्हतं.

त्या खोलीत तो माणूस बायकोला आणि भिंगरीला कोंडायचा. भाजीत मीठ कमी पडलं, उत्तर उशिरा आलं, भिंगरी मोठ्याने हसली, एवढं कारण पुरे होई. आधी मारल्याचे आवाज येत आणि मग माझी दांडी कोयंड्यात जाई, लोण्यासारखी. चारचौघांत तो इतका गोड बोलायचा की शेजारी त्याचं उदाहरण देत. एकदा एका पाहुण्याने मला हलवून पाहिलं आणि कडी भक्कम असल्याचं कौतुक केलं. तेव्हा मला माझ्या पितळेची लाज वाटली. अडकून बसावं, गंजून जावं, असं फार वाटे. पण पितळ गंजत नाही आणि कडीला स्वतःहून सरकता येत नाही.

आत आई भिंगरीला मांडीवर घेऊन बसे. दाराखालच्या फटीतून भिंगरीची बोटं बाहेर येत आणि फरशीवरचा उन्हाचा पट्टा चाचपत. ऊन सरकलं की बोटंही सरकत. मी वरून बघत राहायचे. घंटेचं स्वप्न मला त्याच दिवसांत जास्त पडायचं, कारण घंटेला निदान आवाज तरी असतो.

वर्षभराने स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबायला लागलं, म्हणून सुतारकाका पुन्हा आले. माणूस त्यांना काम दाखवून बाहेर गेला. काम आटोपून निघताना काकांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ते थबकले. माझी दांडी घासून घासून आरशासारखी झाली होती. अडगळीच्या खोलीची कडी इतकी झिजत नाही, हे सुताराला सांगावं लागत नाही. तेवढ्यात आतून बारीक खोकला आला.

काकांनी दाराला तोंड लावून विचारलं, "आत कोण आहे?"

मग भिंगरीचा आवाज आला, "मांजर नाही काका. आम्ही आहोत."

काकांनी मला झटक्यात मागे ओढलं आणि दार उघडलं. आत आई उठून उभी राहिली. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, असं तिला इतकी वर्षं ऐकवलं गेलं होतं. काका मान खाली घालून म्हणाले, "ताई, ही कडी मीच लावली. तुम्ही म्हणाल तसं करू. यायचं असेल तर मी सोबत आहे." तिने भिंगरीच्या पायांत चपला घातल्या, स्वतः मात्र अनवाणीच निघाली.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्यांना आत घेतलं आणि मदतीचा फोन केला. मग पोलीस आले, त्यांनी मला उचकटून कागदी पाकिटात घातलं. त्या पाकिटात मी पावणेदोन वर्षं झोपले. एकदा उजेड दिसला तो कोर्टात. माणूस म्हणत होता, अडगळीची खोली आहे. काकांनी माझी झिजलेली दांडी सगळ्यांना दाखवली आणि आपण पहिल्याच उत्तरावर कसे गप्प बसलो, हेही न लपवता सांगितलं. माणसाला शिक्षा झाली.

आई आणि भिंगरी तेव्हा अशाच बायका-मुलांसाठी असलेल्या एका घरात राहत होत्या. ते घर चालवणाऱ्या मोठ्या ताईंनी एक गोष्ट फार मनापासून केली होती. कोंडून राहिलेल्या बायका इथे येतात, म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या खोल्यांच्या कड्या काढून टाकल्या होत्या. आणि भिंगरी रोज दुपारी दाराला खुर्ची लावायची, खुर्चीवर दप्तर ठेवायची आणि डोळे उघडे ठेवून पडून राहायची. जाईल ही सवय हळूहळू, असं सगळ्यांना वाटे. ती काही जात नव्हती.

खटला संपल्यावर काका मला कोर्टातून मागून घेऊन तिथे आले. हिचं काय करायचं, वितळवून टाकू का, असं त्यांनी आईला विचारलं. आईने तोंड फिरवलं. माझा जीव टांगणीला लागला, कारण आता भिंगरी माझ्याकडे बघत होती. तिने मला हातात घेतलं, दांडी एकदा पुढे केली, एकदा मागे.

"हीच लावा," ती म्हणाली. "पण माझ्या बाजूने."

मोठ्या ताई समजावू लागल्या की इथे कुणाला कोंडायचं नाही, म्हणून तर कड्या नाहीत. बोलता बोलताच त्या थांबल्या. खुर्चीकडे पाहिलं आणि खाली बसून भिंगरीला म्हणाल्या, "चुकलंच माझं. तुम्हाला काय हवंय, ते मी विचारलंच नाही."

या वेळी काकांनी भरपूर विचारलं. इथे लावू का? हात पुरतो का? जड वाटते का? भिंगरीने स्वतः पेन्सिलीने खूण केली, तिच्या नाकाएवढ्या उंचीवर. पहिल्या दिवशी तिने मला इतक्यांदा लावलं आणि उघडलं की आई शेवटी हसायलाच लागली. मग भिंगरी रोज दुपारी कडी लावून झोपू लागली. खरोखर, डोळे मिटून.

मित्रांनो, मी कडी आहे, मला जास्त कळत नाही. पण एवढं मागते. बंद दारामागून काही ऐकू आलं तर विचारा, आणि पहिलं उत्तर गुळगुळीत वाटलं तर दुसऱ्यांदा विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी अशा दाराच्या आत असेल, तर चूक तुमची नाही. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा.

परवा भिंगरी शाळेतून गरगर फिरतच आत आली, दप्तर फेकलं आणि पलंगावर पडल्या पडल्या झोपून गेली. मला लावायचं ती विसरली. वाऱ्याने दार थोडं उघडत होतं, थोडं मिटत होतं, उन्हाचा पट्टा तिच्या हातावर येत होता. ती कूससुद्धा बदलत नव्हती. मला त्या दुपारी काहीच काम नव्हतं, आणि इतकी छान दुपार मी आजवर पाहिलेली नाही.