जरीचा कोपरा

चपला बाहेर काढल्या का? मग या, बसा. माझ्यावर बसून आजवर सगळ्यांनी आपापलं बोलून घेतलं, आज थोडं माझंही ऐका. मी धावड्याच्या विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळाची जाजम.

माझा जन्म एका घरचा नाही. निजामाच्या राज्यात, आजपासून बावीस-तेवीस वर्षांमागं, गावातल्या अकरा जणांनी मंडळ काढलं. एकानं मोठी सतरंजी दिली असती तर ती त्याची झाली असती. म्हणून अकरा घरांतून मांजरपाटाचा एकेक पट आला. जालन्याच्या रंगाऱ्यानं त्यावर लाल-काळे बुट्टे मारले आणि गावच्या शिंप्यानं मला जोडली. माझ्यावर बसेल तो भाऊ, असं ठरलं.

बारावा होता कडूबा. त्याच्या घरात तेव्हा कोरा कपडा नव्हता. तो घरी गेला आणि लग्नातला फेटा घेऊन आला. त्या फेट्याच्या पट्ट्या फाडून मला चहूबाजूंनी गोट लावला. जरीचा पदर नेमका एका कोपऱ्यात आला.

त्याची बायको दुर्गाबाई देवळात आली तेव्हा तिनं मला बोटानं चाचपलं.

"अवो, ह्यो फेटा मला वरायला बांधून आल्ते ना तुमी? आता हिला नेसवला. मंग ही माझी सवतच झाली की!"

"सवत न्हाई, लेक म्हण," कडूबा म्हणाला. त्या दोघांना मूल नव्हतं. दुर्गाबाई हसायची थांबली. मग तिनं माझ्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं.

तेव्हापासून दर एकादशीला दिवेलागणीला मला अंथरायचं आणि भजन झालं की घडी घालायची, हे काम कडूबाचं. झाडणं, उन्हात घालणं, घडीत कडुलिंबाचा पाला ठेवणं, उसवलं तर टाका घालणं, सगळं त्याचं. तो गात नसे. त्याचा आवाज फाटका होता. सगळे बसले की तो कडेला जरीच्या कोपऱ्याशी बसायचा आणि गुडघ्यावर ताल धरायचा.

माझी घडी एकट्याला जमत नाही. मी तेवढी मोठी आहे. दोघांनी समोरासमोर ताणून धरायचं, मग एकमेकांकडं चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा लावायचा. यावरून कडूबानं एक रीत पाडली. मंडळातल्या दोघांत अबोला झाला की त्या दिवशी घडी त्या दोघांनी घालायची.

एकदा रखमाजी आणि धर्मराज महिनाभर बोलत नव्हते. एकाच्या बैलानं दुसऱ्याचं रोप खाल्लं होतं. कडूबानं दोघांच्या हातात माझे कोपरे दिले.

"धरा. ढील सोडू नका."

दोघं तोंडं फिरवून चालत आले. चालता चालता एकमेकांच्या पुढ्यात येऊन थांबले. आता कोपरा तर द्यायचा होता!

"घे," रखमाजी म्हणाला.

"बैल बांधत जा," धर्मराज म्हणाला.

"रोपाला काटी लाव मंग."

आणि दोघं हसले. अबोला घडीत गुंडाळला गेला. माणसं समोरासमोर चालत आली की फार वेळ रागावत नाहीत, हे मी तेव्हापासून पाहतेय.

वर्षं गेली. कडूबाचे केस पांढरे झाले, माझे बुट्टे विटले. मागच्या वर्षी रामनवमीच्या सप्ताहात मंडळाचे प्रमुख जगन्नाथअण्णा यांच्या मनात आलं की कडूबाचा सत्कार करायचा. मनात वाईट काही नव्हतं हो. उलट माया होती.

काल्याच्या दिवशी दुपारी त्यांनी कडूबाला माझ्या मधोमध पाटावर बसवलं. जन्मभर कडेला बसलेला माणूस मध्ये बसून अवघडला. गुलाबी फेटा बांधला, नारळ दिला. अण्णा म्हणाले, "कडूबानं लई केलं. आता त्यानं आरामात बसून राह्यचं. आजपासून जाजमाला त्याचा हात बिलकुल लागणार न्हाई!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लोक उठले तसा कडूबा सवयीनं वाकला आणि त्यानं जरीचा कोपरा धरला. धर्मराजनं तो हलकेच सोडवून घेतला. "बसा तात्या, बसा. तुमचं झालं आता."

तुमचं झालं आता. कडूबाची बोटं हवेत तशीच राहिली. ती मी पाहिली, दुसऱ्या कुणी पाहिली नाहीत. त्या दिवशी माझी घडी वाकडी पडली.

त्यानंतर कडूबा देवळात आला नाही. एक एकादशी गेली, दुसरी गेली. लोक म्हणू लागले, "फेटा काय बांधला, डोकंच फिरलं की त्याचं." अण्णांना लागलं. "मी मान दिला, त्यानं पाठ दिली," म्हणून त्यांनीही बोलणं टाकलं. मंडळातला हा पहिला अबोला असा होता, की त्यात कुणाच्या हाती माझे कोपरे द्यायचे हे सांगणारा माणूसच नव्हता.

मी वाट पाहायची. भजन सुरू झालं की माझं सगळं लक्ष जरीच्या कोपऱ्याकडं लागायचं. तिथं गुडघ्यावरचा ताल ऐकू यायचा नाही.

पुढं रझाकारांच्या गडबडीचे दिवस आले. पुष्कळ घरं डोंगरापलीकडं वऱ्हाडात निघून गेली. भजन थांबलं. मला देवळाबाहेर लागून असलेल्या कोठीच्या माळ्यावर टाकलं. एका दुपारी माळ्याची शिडी करकरली. कडूबा होता. धापा टाकत होता. त्यानं माझी वाकडी घडी पाहिली, पण मोडली नाही. आता हात लावायचा नाही, असं त्याला चारचौघांत सांगितलं होतं ना! त्यानं नुसता कडुलिंबाचा पाला लांबून घडीत सारला आणि तो खाली उतरला. त्या पाल्याच्या वासावर मी पावसाळा काढला.

निजामाचं राज्य गेलं, लोक परतले. कार्तिकी एकादशीच्या सकाळी दुर्गाबाई देवळात आली. रुखमाईसमोर उभी राहून म्हणाली, "माय, दीड वरीस झालं, मी दिवसाला एकदाच जेवून राह्यले. त्यांचं पाऊल देवळात पडल्याबिगर रातीचं जेवणार न्हाई, बोलले ते बोलले. पण ते आता थकले. जल्दी कर."

मागं जगन्नाथअण्णा उभे होते.

"वहिनी, आम्ही काय कमी केलं त्याला?"

"कमी न्हाई केलं अण्णा. फेटा बांधला, आन् हात काढून घेतले. लेकीला हात लावू नको म्हणल्यावर बाप कशाला येईल तिच्या घरी?"

अण्णा खाली बसले. मग त्यांनी मला माळ्यावरून काढलं, खांद्यावर घेतलं आणि भर गावातून चालू लागले. रखमाजी मला घ्यायला धावला, त्याला त्यांनी परत पाठवलं.

कडूबा अंगणात वाती वळत बसला होता. अण्णांनी मला उलगडलं.

"कडूबा, तुझा-माझा अबोला हाय. रीत तूच पाडली ना? मंग धर."

कडूबा उठेना. तो वात वळतच राहिला. मागोमाग आलेली दुर्गाबाई दारात उभी. माझा एक काठ धुळीत लोळत होता.

मग तो उठला. जवळ आला, माझ्याकडं पाहिलं आणि दीड वर्षांत पहिल्यांदा अण्णांशी बोलला.

"उलटी धरली तुमी. बुट्टा वर पायजे. आन् तो जरीचा कोपरा माझा हाय, इकडं द्या."

"घे बाबा, घे. चुकलो मी."

"ते ऱ्हाऊ द्या. ढील सोडू नका."

दोघं म्हातारे समोरासमोर चालत आले. कोपऱ्याला कोपरा लागला तेव्हा कडूबाची बोटं जरीवरून फिरली, एकेक टाका चाचपत. त्या सांजेला त्याचं पाऊल देवळात पडलं आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, दुर्गाबाई रातीचं जेवली.

आता मार्गशीर्ष चालू आहे. कडूबाला वाकवत नाही. अंथरतात दुसरे, पण घडी घालताना जरीचा कोपरा आधी त्याच्या मांडीवर आणून देतात. तो बसल्या जागी धरतो, समोरचा चालत येतो. त्याची पकड दर एकादशीला थोडी हलकी लागते. मला कळतं. मी काही म्हणत नाही.

बसलात ना माझ्यावर, म्हणजे तुम्हीही भाऊच झालात. भावाच्या नात्यानं एकच मागते. उठताना मला ओढून उचलू नका. जरीचा कोपरा कडेला मोकळा ठेवा आणि जरा थांबा. तो येतोय. काठीचा आवाज आला बघा.