म्हशी आणि सायलेन्सर

"काढ ती मशीन," कुशाबा म्हणाला. "म्हशीला लागलेली जळूच हाय ती."

सोमनाथने मान वर केली नाही. उकिडवा बसून तो दूध काढायच्या मशीनची ओढ दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होता. काटा जिथे हवा तिथेच होता. चारही कपांनी सड नीट धरले होते. नळीतलं दूध मात्र दोन-चार धारांनंतर थांबलं होतं. म्हैस पान्हा चोरत होती.

"मशीन ओढतीया, अण्णा. म्हसच सोडंना."

"महिनाभर ह्येच ऐकतुया. हात लागतोय तुमचा."

बावीस वर्षं कुशाबा त्याला 'सोम्या' म्हणत आला होता. आज एकदम 'तुमचा'. हा आदर नव्हता. कुशाबाचं बोट सोमनाथला ओलांडून बुद्धविहारामागच्या सगळ्या घरांवर गेलं होतं, हे सोमनाथला कळलं, आणि ते कळावं म्हणूनच कुशाबा तसं बोलला होता.

काल दूध केंद्रावरही तो हेच बोलला होता, चारचौघांत. संध्याकाळपर्यंत तीन गोठ्यांतून फोन आले. सध्या येऊ नका. गोठ्यांतल्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या सोमनाथकडे कुठल्या कॉलेजचा कागद नव्हता. भरे नावाच्या या गावात लोक त्याचं नाव घेऊन बोलावत, एवढीच त्याची कमाई. ते नाव बुडालं की पन्नाशीच्या माणसाने कुठल्या कंपनीच्या गेटवर उभं राहायचं?

तेवढ्यात भिंतीपलीकडे स्फोट झाल्यासारखी गाडी सुरू झाली. म्हैस थरथरली, पोट आवळलं, आणि लाथेसरशी कप शेणात पडले.

सोमनाथ भिंतीकडे बघत राहिला.

"ही रोज ह्याच टायमाला?"

"निरंजन साहेबांची हाय. हिंजवडीला गर्दीच्या आधी पोचायचं असतं त्यांना. महिना झाला लईच वरडतीया."

"आन म्हशी कवापासनं आटल्या?"

कुशाबाने खराटा उचलला. "त्यांना काय बोलायचं? मोठी मानसं."

"मला बोलायला बरं जमलं."

कुशाबा खराट्याने शेण लोटू लागला. गाडीचा आवाज त्यालाही रोज ऐकू येत होता. भिंतीपलीकडच्या बंगल्याची जमीन त्यानेच विकली होती. कोटीच्या गाडीकडे बोट दाखवायला छाती लागते. सोमनाथकडे दाखवायला काहीच लागत नाही.

कप धुऊन, पिशवी उचलून सोमनाथ थेट बंगल्याच्या गेटवर गेला. निरंजन बटण दाबून दाबून वैतागला होता.

"काका, मीपण कंटाळलोय हो," तो इंजिनच्या वर ओरडून म्हणाला. "सायलेन्सरमध्ये झडप आहे. बंद असली की धूर आतल्या कप्प्यांतून फिरून येतो, आवाज कमी. उघडी असली की सरळ बाहेर. हे बटण दाबलं की बंद व्हायला पाहिजे. होतच नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, अख्खा सेट बदला. परदेशातून येणार, तीन महिने."

"झडप हालतीया कशानं? करंटवर?"

"नाही, व्हॅक्यूमवर."

सोमनाथने पिशवी खाली ठेवली. "मंग हे माझंच काम हाय. बंद करा गाडी."

निरंजनने त्याच्या शेणाच्या पायांकडे बघितलं. मग आपल्या गाडीकडे. मग गाडी बंद केली.

गोणपाट अंथरून सोमनाथ मागच्या बाजूने आत सरकला. सायलेन्सरशेजारी मुठीएवढी डबी. तिच्यातून एक काडी झडपेला गेलेली, आणि मागून एक बारीक नळी आलेली. त्याने नळी उपसली, पिशवीतली दुसरी नळी डबीवर चढवली, तिचं टोक तोंडात धरलं आणि वासरासारखं ओढलं.

टक्.

"हे काय झालं?" निरंजन वाकला.

सोमनाथने नळीच्या तोंडावर जीभ दाबून ठेवली होती. बोट उंचावून त्याने थांबायला सांगितलं. झडप बंदच राहिली. मग जीभ काढली, तशी स्प्रिंगने झडप पुन्हा उघडली.

"डबीतला पडदा शाबूत हाय. इंजिन हवा ओढतं, ती ओढ ह्या नळीनं पडद्याला येती. पडदा काडी वडतो, काडी झडप लावती. ओढ पोचलीच न्हाई तर स्प्रिंग झडप उघडी धरती. म्हशीच्या कपाला बी ओढच लागती. कुटं चीर असली की सगळं वाया."

नळी चाचपत तो पुढे गेला. सायलेन्सरच्या धगीपासून लांब, आतल्या अस्तराआड, नळीवर दातांच्या खुणा सापडल्या.

"उंदीर," तो म्हणाला.

"उंदीर? अहो, त्यांनी कॉम्प्युटर लावून चेक केलं!"

"काम्प्युटरनं उंदीर कवा धरलाय?"

निरंजन हसला, मग ओशाळला. कुरतडलेला तुकडा कापून सोमनाथने दोन्ही टोकांवर मशीनची जाड रबरी नळी चढवली आणि तारेने आवळली.

"हितं गार हाय, चालंल. पर नवी नळी मागवा."

गाडी सुरू झाली. क्षणभर गुरकावली, टक् झालं, आणि आवाज खाली बसला. निरंजनचा हात खिशाकडे गेला.

"त्ये ऱ्हाऊ द्या. उद्या साडेपाचलाच सुरू करा. आमी तिकडं दूध काढत असू."

दुसऱ्या दिवशी कुशाबा गोठ्याच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. कप लागले. भिंतीपलीकडे गाडी गुरकावली, शांत झाली, निघून गेली. म्हशीने एक कान हलवला. नळी पांढरी झाली आणि पांढरीच राहिली.

"सुटली की रं!" कुशाबा म्हणाला. "बरं झालं. झालं गेलं सोडून दे, सोम्या."

"केंद्रावर बोलला व्हता तुमी. केंद्रावरच सांगा."

"आता त्ये काय..."

"मी येतो संगं."

कॅन मोटरसायकलला लावून कुशाबा पुढे गेला. सोमनाथ पायी पोचला, तेव्हा रांगेत सात-आठ जण होते. केंद्र चालवणाऱ्या तुळजाबाईने कुशाबाचं दूध वजनाला घेतलं आणि भुवया वर केल्या.

"आज बरं वाढलं, अण्णा. मशीन बदलली व्हय?"

कुशाबाने दाराकडे बघितलं. सोमनाथ खांबाला टेकून उभा होता. न हसता, न रागावता.

"न्हाई," कुशाबा म्हणाला. "मशीन तीच हाय. गाडीच्या आवाजानं बिचकत व्हत्या म्हशी."

"आन हात?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

कुशाबा वजनाच्या आकड्याकडे बघत राहिला. मागच्याने कॅन खाली टेकवला. तुळजाबाईने वजन वहीत लिहिलं नाही.

"हात बी त्योच हाय," तो शेवटी म्हणाला. "सोमनाथचा. मीच चुकलो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रांग पुढे सरकली. तुळजाबाईने पुढचं दूध ओतता ओतता विचारलं, "सोमनाथदादा, आमच्या गोठ्यातल्या मशीनचा ठोका चुकतोय. कवा येता?"

"आत्ता येतो."

बाहेर कुशाबाने मोटरसायकल त्याच्याजवळ आणून थांबवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने सोमनाथसाठी मागची जागा हाताने पुसली.

"बस. सोडतो."

"व्हा तुमी पुढं, अण्णा."

कुशाबा थोडा वेळ गाडी चालू ठेवून थांबला, मग गेला. सोमनाथने केंद्राच्या नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश, आणि ओल्या हातांनी तुळजाबाईच्या गोठ्याची वाट धरली.