स्टिअरिंगखालची पुरचुंडी

जुनी गाडी घेतली त्या दिवशी पद्माने तिची पूजा केली आणि कोणाला न सांगता स्टिअरिंगखालच्या रॉडला अंगाऱ्याची लाल पुरचुंडी बांधली. लेक स्वरदा बाळंतपणाला सुखरूप माहेरी येईपर्यंत ती सोडायची नाही, असा नेम धरला.

आज लेकीला आणायला ती आणि तिचे यजमान बंडोपंत पिपरी मेघेहून आर्वीला निघाले. दोन्हीकडे कापूस फुटला होता, जणू ढगच शेतात उतरून बसले होते. माळेवर जप करता करता पद्माचे डोळे मिटू लागले. गाडी चालत नाही, तरंगते आहे, असं तिला वाटलं.

तेवढ्यात वळणावर स्टिअरिंग अडलं. बंडोपंतांनी जोर लावून गाडी कशीबशी कडेला घेतली.

"चार दिवसांपासून असंच करून राह्यली. या गाडीत पोरीले नाई आणत मी. येऊ दे तिले बसनं."

"अशा दिवसांत, बसनं?"

पद्मा वाकली. पुरचुंडीचं फडकं सैल होऊन रॉडभोवती गुंडाळलं गेलं होतं. तिचा हात थबकला. मग देवाचं नाव घेऊन तिने गाठ सोडली.

"मीच बांधलती."

"काऊन?"

"तुमच्या चालवण्याचा भेव वाटे म्हणून."

"मंग देवालेच बसव इथं, मी मांगं बसतो!"

त्यांनी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून पाहिलं. ते अलगद फिरलं. पुरचुंडी पद्माने आपल्या पदराला बांधली. गाडी पुन्हा तरंगू लागली, आणि चुकलेला जप तिने पहिल्या मण्यापासून धरला.