ग्याम्फीच्या लॉरीतला गरमीचा काटा

मी खोटं बोलत नाही. मित्रांनो, ओळख करून देताना हे आधी सांगितलेलं बरं, कारण माझं सगळं आयुष्य याच एका गोष्टीवर उभं आहे. मी एका जुन्या लॉरीतला गरमीचा काटा. छोट्या पुरीएवढी माझी तबकडी, वर काच, मागे पितळेची डबी आणि डबीतून निघालेली तांब्याची लांब, बारीक नळी. त्या नळीचं टोक इंजिनाच्या पाण्यात बुडालेलं असतं. पाणी तापलं की मी चढतो, निवलं की उतरतो. काम एवढंच, पण मी ते चोख करतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही आणि आठवावं असं काही घडलंही नसेल. मला आठवतं ते कुमासी शहर. तिथल्या सुतारांनी आमच्या लॉरीला लाकडी पेटारा चढवला, रंगाऱ्यानं कपाळावर 'दम धर' असं ठसठशीत लिहिलं आणि ग्याम्फी नावाचा ड्रायव्हर माझ्यासमोर येऊन बसला.

ग्याम्फीची एक सवय होती. रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी तो माझ्या काचेवर बोटानं टकटक करायचा आणि विचारायचा, "काय म्हणतोस?" मग आम्ही निघायचो. आमच्या गावाहून, एजुराहून, सुरण भरायचे, माम्पोंगचा घाट उतरायचा, कुमासीच्या बाजारात माल टाकायचा आणि पुन्हा घाट चढून घरी. शेजारी त्याची बायको पोकुआ. माल तिचा, गाडी त्याची आणि भांडण दोघांचं. घाटात मी अर्ध्यावर चढलो की ती म्हणायची, "अहो, काटा बघा." तो म्हणायचा, "काटाच बघतोय. तुझ्याकडे बघून गाडी तापते." ती तोंड फिरवून हसायची. त्या घाटात कितीतरी गाड्या वाफा सोडत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. आमची कधी राहिली नाही, आणि ग्याम्फी गाड्यांच्या तळावर चारचौघांत सांगायचा की हे श्रेय माझं. मी फुशारकी मारत नाही, तो म्हणायचा ते सांगतो.

पण समोरच्या काचेतून येणारं ऊन कुणाला सोडत नाही. माझे आकडे आधी पिवळे पडले, मग फिकट, मग दिसेनासे झाले. ग्याम्फीचे डोळेही त्याच सुमाराला गेले. गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. बॉनेटवर कोंबड्या बसू लागल्या. मला वाईट वाटलं, मित्रांनो, खूप वाटलं. मी आतून तसाच धडधाकट होतो, पण माझ्याकडे बघून काही कळेल असं माझ्या तोंडावर उरलंच नव्हतं.

मग ग्याम्फी कुमासीच्या इस्पितळात वारला.

आमच्याकडे माणसाची मालमत्ता त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जाते. तशी ही लॉरी भाच्याकडे, अमांक्वाकडे आली. अमांक्वा स्वतः शहरात छोटी बस चालवायचा. माणूस वाईट नाही, पण भारी घाईचा. कोंबड्या हाकलून त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मामी, हिचं लोखंड चांगलं आहे. भांडी ओतणारे घेतील."

पोकुआ म्हणाली, "आधी तुझ्या मामाला हिच्यातून घरी ने. कुमासीहून एजुराला, त्याच्याच गाडीतून."

"घाट आहे मध्ये. भर अंत्ययात्रेत बंद पडली तर लोक तोंडात शेण घालतील."

"चढली तर?"

अमांक्वानं मान खाजवली. "चढली तर ठेवतो, मामी. घाटात उकळली तर तिथूनच भंगारात."

अशी आमची लॉरी पणाला लागली. अमांक्वानं तिला ओढून कुमासीतल्या गॅरेजवाल्यांच्या वस्तीत, सुआमेला नेलं. त्या वस्तीत पाऊल टाकाल तिथे कुणी ना कुणी गाडीखाली आडवा असतो. इंजिन झालं, टायर झाले. माझ्यासाठी दुफिएला बोलावलं. दुफिए गाड्यांवरच्या पाट्या रंगवायची आणि विटलेल्या तबकड्याही पुन्हा उजळायची.

अमांक्वा तिला म्हणाला, "नुसता देखणा कर. फोटो निघणार आहेत. काटा मध्यावर चिकटवून टाकलास तरी चालेल, लोकांना बरं वाटेल."

दुफिएनं वर न बघता विचारलं, "तुझ्या बसचा ब्रेकही फोटोपुरताच आहे का?"

ती बाई मला तिथेच आवडली.

तिनं माझं कडं हळूहळू उचकटलं. नळीला धक्का लागू दिला नाही. कापसाचा बोळाही आधी फिरवला नाही, कारण असल्या तबकडीवर घाईनं बोळा फिरवला की उरलेसुरले आकडेही निघून येतात. मला उन्हात तिरपा धरून तिनं पुसट खुणा शोधल्या, पातळ कागदावर उतरवून घेतल्या आणि मगच मला पुसलं. नंतर पांढरा रंग, मग काळे आकडे. शेवटी धोक्याच्या जागी लाल पट्टी ओढताना तिनं श्वास रोखून धरला होता.

पण रंग वाळल्यावर तिनं मला उचललं आणि नाक्यावर लापशी विकणाऱ्या बाईकडे नेलं. माझ्या नळीचं टोक धुऊन तिनं बाईच्या उकळत्या पाण्याच्या किटलीत सोडलं.

"अगं ए, माझ्या किटलीत इंजिन शिजवतेस की काय?" बाई म्हणाली.

"थांब गं. हा खरं बोलतो का बघते."

मी सरसर चढलो आणि लाल पट्टीच्या शेवटाला, उकळीच्या आकड्यावर नेमका थांबलो. दुफिए हसली. मी तर फुगलोच होतो.

शनिवारी पहाटे ग्याम्फीला शवागारातून आणलं. लॉरीला काळी-लाल फडकी बांधली होती. सगळ्यांत मोठं कापड अमांक्वानं स्वतःच्या हातानं लॉरीच्या तोंडावर आडवं ताणून बांधलं. मामाची गाडीही दुखवट्यात दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांनी ते पाहिलं, दुफिएनंही, आणि सगळ्यांना शोभलं असंच वाटलं. पूर्वजांसाठी जमिनीवर दारूचे थेंब शिंपडून आम्ही निघालो. अमांक्वा चालवायला, शेजारी पोकुआ, तिच्या आग्रहानं कडेला दुफिए. मागे शवपेटीभोवती बसलेल्या बाया गात होत्या.

सपाटीवर मी जागेवर होतो. घाट लागला आणि मी चढू लागलो. अर्धा झालो. अर्ध्याच्या पुढे गेलो.

"काटा बघ," पोकुआ म्हणाली.

"मामी, नवा रंग आहे, चिकटला असेल." अमांक्वानं आणखी रेटलं.

मी लाल पट्टीला टेकलो. मित्रांनो, मला खाली यावंसं वाटलं नाही असं नाही. मी चढलो तर लॉरी भंगारात जाणार, तिच्याबरोबर मीही. पण पाणी तापलं होतं. मग मी दुसरं काय सांगणार?

"थांबव," पोकुआ म्हणाली.

"मुडदा वाटेत थांबवायचा? गावात तोंड कसं दाखवायचं?"

"अरे, ज्याची यात्रा आहे तो या काट्यावर अख्खा जन्म चालला. थांबव म्हणते ना."

दुफिए म्हणाली, "मी याला उकळत्या पाण्यात घालून पाहिलंय. हा चुकणार नाही."

अमांक्वानं ब्रेक दाबला. बायांनी उतरून चाकांमागे दगड लावले. गाणं थांबलं. दुफिए उतरून पुढे गेली आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अमांक्वा, इकडे ये. वारा आत जाणार कुठून?"

लॉरीच्या तोंडावरचं ते मोठं कापड पाणी निववणाऱ्या रेडिएटरवर गच्च बसलं होतं.

अमांक्वा बघतच राहिला. "मीच बांधलं," तो म्हणाला. "मामासाठी बांधलं." त्याचा आवाज फुटला आणि इतक्या दिवसांत न रडलेला तो गडी बंपरला धरून ओक्साबोक्शी रडला.

पोकुआनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मामाच्या गाडीचं नाक दाबून रडवलंस की रे," ती म्हणाली, आणि ती स्वतःही रडत होती.

कापड सुटलं. रेडिएटरच्या झाकणाला कुणाला हात लावू न देता दुफिएनं इंजिन सावकाश फिरत ठेवलं. घाटातला वारा आत शिरला आणि मी खाली येऊ लागलो. बाया पुन्हा गाऊ लागल्या. पोकुआ ते कापड घडी करून माझ्यावर टाकणार होती, पण तिनं हात मागे घेतला आणि ते मांडीवर ठेवलं.

आम्ही घाट चढलो. ग्याम्फी स्वतःच्या गाडीतून घरी पोचला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना रंग द्या, जरूर द्या, आम्हालाही नटायला आवडतं. पण रंगवून झाल्यावर आमच्याकडे बघा आणि आम्ही सांगतो ते ऐका.

सोमवारी सकाळी अमांक्वा गाडीत येऊन बसला. मला वाटलं, घाटात थांबावं लागलं म्हणून भंगारवाल्याकडे निघालो. त्यानं किल्ली हातात घेतली, थांबला, आणि माझ्या काचेवर बोटानं टकटक केली.

"काय म्हणतोस?" त्यानं विचारलं.