तिघींवर वाटून

सयाजीनं राजदूतचा सायलेन्सर काढून ठेवला आणि किक मारली. त्या आवाजावर गोठ्यातली चंद्रा रेकली. दिवाळीच्या पाडव्याला मंगळवार पेठेत म्हशी पळवायच्या त्या अशाच: मालक मोटरसायकलवर पुढं, म्हैस आवाज ओळखून मागं. वर्षभर सयाजीनं बायकोपेक्षा म्हशीला जास्त फिरवलं होतं, आणि बायकोनं ते साऱ्या गल्लीला सांगितलंही होतं.

पैजा घेणारा ज्ञानू पान चघळत आला. त्यानं सहज सांगितलं, सयाजीच्या वडिलांनी, गणपतरावांनी, आपले पैसे तीन म्हशींवर वाटून लावलेत.

"पळणार चार," सयाजी म्हणाला.

"चौथी तुझी की."

गणपतराव चंद्राची शिंगं रंगवत होते. सयाजीनं विचारलं, तेव्हा त्यांचा ब्रशसुद्धा थांबला नाही. त्यांनी शांतपणे हिशेब समजावला. त्या तिघींतली कुठलीही आली तरी लावल्यापेक्षा जास्त हातात येणार. चंद्रा आली, तर पैजेचे पैसे बुडतील, पण बक्षिसाचं हुपरीचं चांदीचं कडं घरात येईल. ते पैशापेक्षा भारी.

"कुणीबी येऊ दे, आपुन हायच की."

"आबा, माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?"

"म्हशीवर हाय की," गणपतराव म्हणाले आणि दुसरं शिंग रंगवायला घेतलं.

शर्यतीत सयाजीनं मागं वळून पाहिलं नाही. चंद्रा चाकाला नाक लावून पळत होती. बाकीच्या तिघींतली एक मध्येच एका मिरवणुकीच्या बँडमागं गेली. शेवटच्या वळणावर गर्दीत गणपतराव दिसले. ते जीव तोडून ओरडत होते. नाव चंद्राचं नव्हतं, तिच्या मागच्या म्हशीचं होतं.

चंद्रा पहिली आली. ज्ञानूनं तिथंच पैजा मिटवल्या आणि गणपतरावांचे पैसे खिशात घातले. गणपतराव खांदे उडवून कडं घ्यायला मांडवाकडं वळले. पेठेचा रिवाज एकच होता: कडं म्हशीच्या पायातच घालायचं. म्हैस मांडवात नसली, तर ते दुसऱ्या नंबरच्या म्हशीला.

सयाजी थांबला नव्हता. मांडव मागं टाकून गाडी गावाबाहेर गारगोटीला जाणाऱ्या रस्त्याला लागली होती.

लाऊडस्पीकरवरून गणपतरावांना म्हैस हजर करायला सांगत होते. मग पुन्हा सांगितलं, आता जरा अदबीनं.

सयाजीनं रेस वाढवली. चंद्रा काही न विचारता मागून येत होती.