हिरवा खण, तांबडा हात

पेठ वडगावजवळच्या आमच्या गावात, शुक्रवारी सकाळी साडेदहाला, ताईत-तीर्थ देणाऱ्या आक्कांच्या मंडपात मी मोजलं ते असं. गरोदर बायका सतरा. प्रत्येकीच्या ओटीत एक नारळ, पसाभर तांदूळ, एक खण. पिवळे खण अकरा, हिरवे सहा. आक्कांच्या पाटाजवळ तांबे दोन. हळदीचं ताट एक. लिंबांची परडी एक. बघ्यांची गर्दी दीडशेच्या वर. ती हलत होती, म्हणून नक्की आकडा लिहिला नाही.

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यापासून मला ही सवय आहे. जाईन तिथे वही काढायची.

"या गं माझ्या लेकींनो!" आक्का माइकवर गरजल्या. "सरकारनं नवी सुई काढलीया. खोकल्याची म्हणं! आईला खोकला न्हाय, पोटातल्याला खोकला न्हाय, मग सुई कुणाला? हळद खोटं बोलत न्हाय. अंगात इख आसंल तर हात तांबडा हुतोय!"

एकेक बाई पुढे जाई. आक्का तिच्या तळहातावर ओली हळद फासत, डोळे मिटून पुटपुटत आणि वरून तीर्थ ओतत. अकरा हात पिवळेच राहिले. सहा हात लालभडक झाले. त्या सहाही जणींनी आरोग्य केंद्रात फ्लूची लस घेतली होती. त्यातली एक पोरगी रडत खालीच बसली. आक्कांनी तिच्या गळ्यात 'गर्भकवच' नावाचा ताईत बांधला आणि टाळ्या पडल्या.

पिवळ्या हातांत एक माझ्या क्रांतीवहिनीचा होता. तिला सातवा महिना सरत आला होता.

घरी आल्यावर राजवीरदादानं मला अंगणात गाठलं.

"प्रिया, तू शिकलीयास. खरं सांग. पयलं पाचव्या म्हैन्यात गेलं, तुला ठावं हाय. ह्या येळी मला धोका नको. सुई घ्याची का न्हाय?"

चुन्यासारख्या पदार्थानं हळद लाल होते, हे मला माहीत होतं. पण सगळ्यांच्या हातावर एकच तीर्थ पडलं, मग सहाच हात लाल कसे, ते उमगत नव्हतं. मी काटेकोरपणे म्हणाले, "हात का लाल झाले ते कळल्याशिवाय मला काही सांगता येत नाही."

या वाक्याचा त्या दिवशी मला अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या फरहीन सिस्टर आल्या. "क्रांती, ताप न्हाय, सर्दी न्हाय, उद्याच ये. पोटुशी बाईला फ्लू लई जड जातो. आन् तुझ्यातनं बाळाला बी संरक्षण मिळतंय, पयले काही म्हैने."

वहिनीनं हात पदराखाली घेतले. "धनुर्वाताच्या घेतल्या की, सिस्टर. ही नको. आमची प्रिया बी म्हणती, सांगता येत न्हाय."

"व्हय गं?" सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे, तसं नव्हे..." मी म्हणाले आणि तिथेच थांबले.

पुढच्या शुक्रवारी आक्कांनी माइकवरून सांगितलं, "बी.एस्सी. झाल्याली पोरगी! तिला बी उत्तर आलं न्हाय!" मी घरात होते. आवाज आमच्या परसापर्यंत आला. मी खिडकी लावून घेतली.

त्या पहिल्या शुक्रवारपासून तेविसाव्या दिवशी वहिनीला ताप भरला. तापाच्या तिसऱ्या दिवशी तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ऑक्सिजन सत्त्याऐंशी. तपासणीत फ्लू निघाला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी बाळ वेळेआधीच बाहेर काढलं. मुलगी झाली.

"लस घेतली असती तर हे झालंच नसतं का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"एका रुग्णावरून तसं म्हणता येत नाही," ते म्हणाले. "धोका कमी झाला असता, एवढं नक्की."

इतकं नेमकं उत्तर दादाला मीही देऊ शकले असते.

बाळाच्या काचेच्या पेटीबाहेर बाकावर बसून मी वही उघडली. हिरवे खण सहा. लाल हात सहा. तांबे दोन. आता आठवलं: मंडपाच्या तोंडाशी ओटी भरणारी आक्कांची शिष्या प्रत्येकीला विचारत होती, "नवी सुई घेतलीस काय गं?" आणि उत्तर ऐकून मगच खण उचलत होती. तीर्थ एकच, हे मी गृहीत धरलं होतं. दोन तांबे मी स्वतः मोजले होते. उत्तर जवळपास चार आठवडे माझ्याच अक्षरात लिहून पडलं होतं.

वहिनीचा ऑक्सिजन सुधारल्यावर, पुढच्या शुक्रवारी मी मंडपात गेले. बरोबर फरहीन सिस्टर आणि शेजारची मोना. मोनाला पाचवा महिना, लस घेतलेली नव्हती. मंडपाच्या तोंडाशी तिनं बेधडक सांगितलं, "घेतली की!" तिच्या ओटीत हिरवा खण पडला.

आक्कांनी खण पाहिला, उजवीकडचा तांब्या उचलला, ओतला. मोनाचा हात लाल.

"बघा, इख!" आक्का ओरडल्या.

"कशाचं इख?" मोना म्हणाली. "म्या सुई घेतलीच न्हाय. तुमची हळद खोटं बोलाय लागली का काय?"

गर्दीत हसू फुटलं. आक्का म्हणाल्या, "मग पोरी, तुझ्या हाताला पाप हाय!"

तोवर सिस्टर पाटाशी पोचल्या होत्या. त्यांनी आपल्या दोन्ही तळहातांना हळद फासली. मी डाव्या हातावर डावा तांब्या ओतला: पिवळा. उजव्या हातावर उजवा: लाल. मग आक्कांच्याच परडीतलं लिंबू लाल हातावर पिळलं. हात पुन्हा पिवळा झाला.

"लिंबानं इख उतरतंय व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. "मग आक्का, ताईत कशाला? सरबत द्या की!"

म्हाताऱ्या धोंडुबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी उजव्या तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या. "चुन्याची निवळी हाय ही! आगं, हळदीला चुना लावून आमी घरात कुंकू करत हुतो. आन् सत्तर वर्सं कुंकू केल्याली मी, हितं बसून हात जोडत हुते!"

आक्का माइक ठेवून मंडपाच्या मागल्या बाजूनं निघून गेल्या. मी तो उचलला.

"मला उत्तर आलं नाही, हे इथे सांगितलं गेलं. ते खरं होतं. पण प्रश्न दोन होते. हात लाल का होतो, हा एक. गरोदरपणी ही लस घ्यावी का, हा दुसरा. 'घ्यावी' हे दुसऱ्याचं उत्तर लस घेतलेल्या बायकांच्या कित्येक वर्षांच्या नोंदींतून मिळालेलं आहे आणि ते मला माहीत होतं. पहिल्याचं येईना म्हणून मी दुसऱ्याचंही दिलं नाही. माझी वहिनी दवाखान्यात आहे. हळदीला विचारू नका. माझ्यासारखीच्या गप्प बसण्यालाही उत्तर समजू नका. सिस्टरना विचारा, डॉक्टरांना विचारा, पटेपर्यंत विचारा."

मंगळवारी आरोग्य केंद्रात लस घ्यायला मोना आली. पिवळ्या खणांच्या अकराजणींपैकी आठजणी आल्या. एकजण येऊ शकत नव्हती.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. वहिनी उशीला टेकून बसली होती. दादाला मी सगळं सांगितलं. त्यानं वहिनीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "म्या तुला इचारलं हुतं, प्रिया."

"हो," मी म्हणाले.

नर्सनं बाळाला काट्यावर ठेवलं. वहिनीनं माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "लिही की वहीत."

मी लिहिलं. जन्माच्या वेळी एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम. आज, चौदाव्या दिवशी, एक किलो सहाशे ऐंशी ग्रॅम.