माझ्या पोटातलं पाणी

मी एक डबकी बोलतेय. हसू नका. पाच लिटर तेलाची, पिवळी, प्लास्टिकची डबकी. माझ्या बहिणी कुठे फिनेल सांभाळतात, कुठे शेतावर पिण्याचं पाणी नेतात. मी मात्र पोरांना पोहायला शिकवते. निदान कित्येक उन्हाळे माझी तशी समजूत होती.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडले तेव्हा अंग गरम होतं, एवढंच आठवतं. मग पोटात सोयाबीनचं तेल आलं, दिग्रसच्या एका दुकानात फळीवर बसले आणि तांड्यावरच्या एका लग्नात रिकामी झाले. गरज सरो नि वैद्य मरो! जेवणावळ उठली तशी मला लाथ मारून कोपऱ्यात सारलं. पण नवरीचे काका उत्तमसिंग यांनी मला उचललं, राखेनं घासलं, कडीत दोरी ओवली आणि म्हणाले, "हे कामाची आहे." तेवढ्या शब्दावर मी आजवर जगले.

उत्तमसिंग म्हणजे तांड्याचे पोहण्याचे मास्तर. दर उन्हाळ्यात सदाशिवरावांच्या विहिरीवर त्यांची शाळा भरते. विहीर जुनी, दगडी पायऱ्यांची, भर मे महिन्यातही पाणी राखून असलेली. या शाळेतले वर्ग ठरलेले. आधी पायरी धरून पाय मारायचे. मग पाठीला मी. मग मी सुटते. मग काठावरून उडी. आणि शेवटी बुडी मारून तळाचा मूठभर गाळ वर आणायचा. गाळ आणला की पास! त्याच गाळाचा टिळा पोरं मास्तरांना लावतात, आणि मलाही.

यातलं गुपित आता सांगते. पोराला कमरेएवढ्या पाण्यात पायरीवर उभं करायचं आणि तिथेच मला त्याच्या पाठीला बांधायचं, हा मास्तरांचा नेम. पहिल्यांदा माझ्या पोटात नुसती हवा असते. मग एक दिवस ते गुपचूप माझं झाकण काढतात, थोडं पाणी भरतात, झाकण पुन्हा घट्ट लावतात. पुढे अजून थोडं. पाण्यात पाण्याचं ओझं कळत नाही, म्हणून पोराला पत्ताच नसतो. होता होता मी गळ्यापर्यंत भरते. कुणाला तरंगवण्याचा जोर माझ्यात उरत नाही. पोरगं मात्र डबकी आहे या भरवशावर खुशाल विहीर पार करतं.

मला याचा भारी राग यायचा. ज्या कामासाठी ठेवली, तेच करू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? मी फुगून बसायचे, पण पाणी भरल्यावर फुगायला तरी जागा कुठे राहते!

अशात रंजिता आली. सुखीबाईची मुलगी. मागच्या पावसाळ्यात ती शेततळ्यात घसरली होती. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर पाय ठरत नाही. कुणीतरी पाइप टाकून तिला वर ओढलं म्हणून वाचली. तेव्हापासून अंगावर तांब्या ओतला तरी पोरगी किंचाळायची. आणि तिची पुढची शाळा होती शेजारच्या गावात, वाट नेमकी त्याच तळ्याच्या बांधावरून.

सुखीबाईनं मास्तरांना बजावलं होतं, "हे पोहायले शिकली तं शाळेत धाडीन. नाही तं घरीच ठेवीन. मले दुसऱ्यांदा तसा दिवस पाहायचा नाही."

रंजिताला शाळा हवी होती आणि पाणी नको होतं. पायरीचा दगड ती अशी धरायची की बोटं पांढरी पडायची. मला पहिल्यांदा पाठीला बांधलं तेव्हा हळूच म्हणाली, "सोडू नको बरं मले." इतकी पोरं झाली, पण माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. माझा जीव जडला तिच्यावर.

मास्तरांनी तिच्यासाठी घाई केली नाही. थोडं थोडं पाणी भरत गेले. तिचा श्वास लांब झाला, पाय सुटे झाले. मी काठोकाठ भरले तरी ती मासोळीसारखी आडवी पडून विहीर पार करायची. उद्या-परवा मला सोडायचं, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं.

आणि ऐन वेळी घोटाळा झाला. त्या दिवशी मास्तर मला पायरीवर तशीच भरलेली ठेवून बाजाराला गेले. सुखीबाई धुणं घेऊन आली. तिनं मला उचललं आणि हादरलीच. "कोन्या मेल्यानं पाणी भरलं हिच्यात? माह्या लेकीले बुडवता काय?" तिनं काठावरच्या पोरांना शिव्या घातल्या. मला पालथी करून उन्हात खडखडीत वाळवलं. झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दुमडून घातली आणि थेंब आत शिरणार नाही असं आवळलं. मला मात्र आनंद झाला. शेवटी कुणाला तरी माझी किंमत कळली!

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच मला रंजिताच्या पाठीला बांधलं. मास्तर समोरच्या बाजूला पाण्यात होते. त्यांना काही कळायच्या आत पोरीनं पायरी सोडली.

मी जिवाच्या आकांतानं जोर लावला. पण आडवं पोहायला शिकलेल्या त्या पोरीची पाठ मी वर खेचली आणि तिचं तोंड पाण्यात गेलं. ती उसळली, पुन्हा तोंड खाली. नाकात पाणी गेलं. वर सुखीबाई किंचाळली. मास्तर हात मारत निघाले, पण विहीर रुंद होती. मी तिला वाचवायला बघत होते आणि मीच तिला बुडवत होते. मला सोडता येत नव्हतं. डबकीला कुठे हात असतात?

रंजितानंच पोटावरची सरगाठ ओढली. मी सुटून बाजूला गेले. संपलं सगळं, असं वाटलं. एवढ्यात तिचा वैतागलेला आवाज आला, "हे डबकी आज मले पोहू देऊन नाही राह्यली!" आणि ती सपासप हात मारत पायरीला जाऊन लागली.

तिथे पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिनं रिकाम्या पाठीवर हात फिरवून पाहिला. "याडी," ती आईला म्हणाली, "म्या सोडली तिले!"

मास्तरांनी माझं झाकण उघडलं. पिशवी निघाली तसे ते हसले आणि पाण्याचा सगळा उलगडा त्यांनी सुखीबाईला केला. ती बिचारी खालीच बसली. "म्या तं जीव लावून कोरडी केलती हो," म्हणत रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. मीही तेच केलं होतं.

पाऊस लागायच्या आधी रंजितानं तळाचा गाळ आणला. पहिला टिळा मास्तरांना, दुसरा आईला, तिसरा मला. आता ती तळ्याच्या बांधावरून शाळेत जाते. उन्हाळ्यात मास्तरांच्या हाताखाली लहान पोरांना शिकवते. सध्या तिचा धाकटा भाऊ प्रेम माझ्या दोरीत आहे.

उन्हानं माझं प्लास्टिक कडक झालंय, बुडाला बारीक चीर गेलीय. मास्तर म्हणाले, "हे आता भंगारात दे." रंजितानं मला छातीशी धरलं. "राहू द्या काका. नव्या पोरायले दुसरी आणू. सुटायले आलेल्या पोरायले हेच पाहिजे. चिरीतून हे आपल्या आपण भरते."

म्हणून आयाबायांनो, हात जोडता येत नाहीत, पण विनवते. तुमची माया मला कळते. पण माझी चीर तेवढी बुजवू नका.